डुबलांचा राग

आमच्या डुबलांच्या घरात शेत वाटून झालं, भांडीकुंडी वाटून झाली, पण राग कुणाला वाटून घ्यावा लागला नाही. तो ज्याच्या त्याच्या वाट्याला अख्खा आला. आजोबा पाटाच्या पाण्यावरून भांडता भांडता बांधावरच आडवे झाले. वडील एका लग्नात मानाचा नारळ दुसऱ्याच्या हातात गेला म्हणून उसळले आणि मांडवात कोसळले, ते उठलेच नाहीत. दोघंही पन्नाशीच्या आत गेले. पण आमच्याकडं हे कुणी रडत सांगत नाही, छाती काढून सांगतात. सोयरीक जमवताना मुलीकडच्यांनी विचारलं की पोरगा तापट आहे का हो, तर आमचे चुलते मिशीवरून हात फिरवून म्हणायचे, डुबल आहे तो.

मी वनिता. लग्नानं जगताप झाले, पण कऱ्हाडात मला त्या नावानं कुणी ओळखत नाही. मुलींच्या कबड्डीची कोच म्हणून ओळखतात आणि तेही आवाजावरनं. मी मैदानावर बोलायला लागले की रस्त्यापलीकडचा रसवाला चरक बंद करून ऐकत उभा राहतो. माझ्या पोरी चार वेळा राज्यात खेळून आल्या त्या माझ्या शिव्या खाऊन, असं सगळेच म्हणत. मीही म्हणायची.

हल्ली पंच म्हणून खांबांवर कॅमेरे असतात. विभागाच्या अंतिम सामन्यात त्या खांबानं आमच्या पोरीचा हात रेषेला लागलाच नाही असं ठरवलं आणि मी जाऊन खांबाशी भांडायला लागले. माणूस असता तर निदान घाबरला असता. खांब ढिम्म. माझं डोकं फुटतंय असं वाटलं, घामानं साडी अंगाला चिकटली, छातीत ढोल वाजायला लागला आणि पुढचं मला आठवत नाही. सगळ्या गावानं म्हटलं, बापाच्याच वाटेनं निघाली होती.

मी मात्र त्या वाटेनं गेले नाही, पुण्याला गेले. तिथं डॉक्टर तरन्नुम मुजावर भेटल्या. मूळच्या सांगलीच्या, त्यामुळं बोलायला मोकळ्या. त्यांनी पडद्यावर माझं पोट उघडून दाखवलं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपी घातल्यासारखी एकेक ग्रंथी असते. समोर साप आला की ती ॲड्रेनालिन सोडते, मग छाती धडधडते, घाम फुटतो, पळायला नाहीतर लढायला अंगात बळ येतं. माझ्या दोन्ही ग्रंथींत गाठी झाल्या होत्या आणि त्या गाठींना साप लागतच नव्हता. त्यांच्या मनात आलं की त्या सोडायच्या. कारण आमच्या घराण्यात एक जनुक बिघडलेलं आहे. पेशींना वाढ आवरायला सांगणारं ते जनुक. आईबापांपैकी एकाकडून बिघडलेली प्रत आली तरी पुरे, आणि प्रत्येक मुलाला ती मिळायची शक्यता निम्मीनिम्मी, नाणं उडवल्यासारखी. आजोबा नि वडील रागानं नाही, बहुतेक गाठीनं गेले होते.

मला हसूच आलं. म्हटलं, म्हणजे एवढी वर्षं गावाला धारेवर धरलं ते मी नव्हे, गाठ?

"तसं नाही," मुजावर बाई म्हणाल्या. "ॲड्रेनालिन राग आणत नाही. ते नुसतं अंग पेटवतं. मग मेंदू विचारतो, मी असा का पेटलोय? आणि समोर जे दिसेल त्याला कारण ठरवतो. तुमच्या घरात त्याला राग म्हणायची पद्धत पडली असणार."

हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. ते तेव्हाच नीट ऐकलं असतं तर पुढचं रामायण घडलं नसतं.

ऑपरेशन लगेच करता येत नव्हतं. आधी बरेच दिवस गोळ्या देऊन ते ॲड्रेनालिन बांधून घालावं लागतं. तसं न करता भूल दिली किंवा गाठीला नुसता धक्का लागला तरी रक्तदाब असा उसळतो की माणूस टेबलावरच जातो. गोळ्या झाल्या आणि मग दोन्ही ग्रंथी काढल्या. एक ठेवून भागलं नसतं, तिच्यात पुन्हा गाठ झाली असती. ग्रंथींशिवाय माणूस जगत नाही, पूर्वी जन्मभर गोळ्या घ्यायला लागायच्या. आता माझ्याच कातडीच्या पेशी घेऊन, त्यातलं बिघडलेलं जनुक दुरुस्त करून, त्यातून चिंचोक्याएवढी नवी ग्रंथी वाढवतात आणि बरगडीखाली बसवतात. दवाखान्यातल्यांनी तिला लांबलचक नाव ठेवलंय. मी तिला कलम म्हणते. आंब्याला करतात तसंच आहे ते, झाड जुनं नि फांदी नवी. बाकीच्या अंगात जनुक बिघडलेलंच राहिलं, त्यामुळं दरवर्षी तपासणी आहे, ती काही सुटत नाही. गाठी गेल्या, आजार आहे तिथंच आहे.

या कलमाला एक बारीक चिप असते. कधी किती ॲड्रेनालिन सुटलं ते ती टिपून ठेवते आणि किती सुटू द्यायचं त्याची मर्यादाही डॉक्टरांना बाहेरून ठरवता येते. टाके भरेपर्यंत ती अगदी खाली ठेवतात.

तर मी अशी, पोटावर हात धरून, खालच्या मर्यादेवर घरी आले.

पहिल्याच आठवड्यात दूध उतू गेलं. मी ओट्यापाशीच उभी होते. ते वर आलं, कडेवरून सांडलं, शेगडीवर पसरलं, आणि मी बघत राहिले. काय सुंदर सांडतं हो ते. धनाजी, म्हणजे आमचे हे, धावत आले नि माझ्या तोंडाकडं बघून पाय जागच्या जागी रोवून उभे राहिले. दूध त्यांनीच तापत ठेवलं होतं. आता काय ऐकून घ्यावं लागणार या तयारीनं त्यांनी खांदे वर घेतले होते, ते खाली घ्यायचं त्यांना सुचेना. मी फडकं घेतलं आणि पुसलं. बिचारे दिवसभर माझ्या मागंपुढं करत होते, बरं वाटतंय ना, बरं वाटतंय ना.

मला स्वतःचीच मोठी गंमत वाटायला लागली. एखाद्या नव्या भाडेकरूवर लक्ष ठेवावं तसं मी माझ्यावर लक्ष ठेवून होते. आज हिला काय आवडतंय, आज ही कशावर चिडेल. मुद्दाम त्या खांबाचा निकाल आठवून बघितला. वाईट वाटलं, पण छाती शांत. मैदानावर जाऊन बसले तर पोरी आधी भेदरल्या, मग सैलावल्या, मग चक्क माझ्यासमोर भेळ खात बसल्या. माझी मुलगी ईश्वरी, कॉलेजात आहे, चढाई तिच्याइतकी संघात कुणाची नाही, ती भेळेचा कागद भिरकावून सगळ्यांवर अशी तुटून पडली की रसवाल्यानं चरक बंद केला. डुबलांचं नाणं इथं उलटं पडलंय, असं मला वाटलं. पोरीला गाठ आहे.

टाके भरल्यावर मुजावर बाईंनी जुळवणीसाठी बोलावलं. कलमाची मर्यादा किती ठेवायची ते ठरवण्यासाठी त्या घरातल्या माणसांना विचारतात, की ही बाई मुळात कशी होती. मी, धनाजी, ईश्वरी आणि माझी धाकटी बहीण सुवर्णा असे गेलो. धनाजी जमिनीकडं बघत म्हणाले की जरा कमीच ठेवा. इतकं हळू म्हणाले की बाईंना पुन्हा विचारावं लागलं. ईश्वरी म्हणाली, अजिबात नाही, होती तशी करा, संघाची वाट लागलीय, आणि ही घरात नुसती पाहुणी आल्यासारखी वागते, मला माझी आई पाहिजे. दोघांची जुंपली. धनाजींचं लग्न झालं तेव्हाच गाठ होती का, ती किती जुनी, मुळातली वनिता बघितलेलं कुणी आहे का, यावर बाईंनाही उत्तर देता येईना. सुवर्णाला विचारलं तर ती पदरानं तळहात पुसत म्हणाली की तिला या खोलीत कोंडल्यासारखं होतंय, आणि बाहेर जाऊन बसली.

आमची सुवर्णा ही अशी. कुत्रं भुंकलं की दारामागं, लिफ्टमध्ये पाय घालत नाही, फोन वाजला तरी हिचं काळीज उडतं. मधूनच पांढरी पडते, घामानं चिंब होते, डोकं धरून बसते. डुबलांच्या घरात चुकून जन्मलेला ससा, असं वडील म्हणायचे. ती आईवर गेलीय हे आमचं सगळ्यांचं ठरलेलं. त्यात तिला पित्ताचे खडे झाले होते आणि कऱ्हाडातच एका छोट्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं होतं, त्याच्या भीतीनं ती आधीच अर्धी झालेली.

जुळवणी पुढं ढकलली. निघताना बाईंनी बजावलं की रक्ताच्या सगळ्या नातेवाइकांची जनुक तपासणी करून घ्या. मी मान हलवली आणि घरी येऊन डुबलांच्या रीतीप्रमाणं केलं. म्हणजे राग बघून माणसं निवडली. ईश्वरीला दुसऱ्याच दिवशी नेलं. तापट चुलतभावांना फोन केले. सुवर्णा म्हणाली, अक्का, मी पण येऊ का? मी म्हटलं, तुला कशाला, तुझ्यात डुबलांचं आहे काय? तिला सुईची भीती. ती सुटल्यासारखी हसली.

ईश्वरीचा निकाल आला त्या सकाळी मी देवापाशी बसून होते. निकाल चांगला होता. बिघडलेली प्रत तिच्याकडं आलीच नव्हती. गाठ नाही, व्हायचीही नाही. मी तिला कवटाळून रडले. आणि रडता रडता डोक्यात किडा वळवळायला लागला. मग ही एवढी तापट कशी?

मी तिला सरळ विचारलं. म्हटलं, गाठ नाही तर हा राग आला कुठनं?

"तुझ्याकडनं," ती म्हणाली. "लहानपणापासनं घरात दुसरं काय ऐकलंय मी?"

टोमणा नव्हता तो. तिनं सहज सांगितलं. मी पाटावर बसूनच राहिले. म्हणजे राग गाठीशिवाय असतो. बघून बघून येतो, भाषा येते तसा. मग गाठ रागाशिवाय असू शकते का? आणि तेव्हा मुजावर बाईंचं ते वाक्य मला पहिल्यांदा ऐकू आलं. अंग पेटतं, मग मेंदू त्याला नाव देतो. आमच्या घरातल्या पुरुषांनी त्याला राग म्हटलं, मी त्यांचं बघून राग म्हटलं. पण घरात सगळेच ओरडत असताना कोपऱ्यात बसलेल्या एखाद्या पोरीचं अंग पेटलं, तर ती त्याला काय म्हणेल?

घाम. डोकं धरणं. पांढरं पडणं. छातीत धडधड. सगळं सगळं माझंच होतं, फक्त तिनं त्याला भीती म्हटलं होतं, आणि आम्ही ससा.

सुवर्णाचं ऑपरेशन त्याच सकाळी होतं.

तिचा नवरा नितीन, त्याला फोन लावला. तो म्हणाला, आत्ताच आत नेलंय ताई, फार घाबरली होती, रक्तदाब वर चढलेला, म्हणून झोपेचं इंजेक्शन दिलंय, आता भूल देतील. मी म्हटलं, देऊ देऊ नकोस. तो म्हणाला, काय? समजावत बसायला वेळ नव्हता, मी फोन तसाच टाकला, ईश्वरीच्या गाडीवर मागं बसले आणि टाक्यांच्या व्रणावर हात दाबून धरला. पोरगी गाडी कशी चालवते यावरनं त्या दिवशी मी एक शब्द काढला नाही.

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी एक तरुण डॉक्टर होता. त्याचं बरोबरच होतं म्हणा, बाहेरनं एक बाई येते आणि पेशंटला भूल देऊ नका म्हणते. त्यानं सांगितलं की सगळ्या तपासण्या नॉर्मल आहेत, रक्तदाब तेवढा भीतीनं चढलाय, पेशंट घाबरट आहे, तुम्ही बसा. घाबरट म्हणाला तो. आमचाच शब्द होता तो, आम्हीच तिच्या गळ्यात बांधलेला, आणि तो आता तिला मारणार होता.

मी वाट बघितली. आता अंग पेटेल, कान तापतील, आवाज फुटेल. काही झालं नाही. कलम खालच्या मर्यादेवर होतं. छाती शांत, हात कोरडे. क्षणभर मी हादरले. वाटलं, ज्या दिवशी पाहिजे होता नेमका त्या दिवशी राग काढून ठेवलाय माझा.

आणि मग लक्षात आलं की राग आहे. चांगला आहे. थरथर नाही, डोळ्यांपुढं अंधारी नाही, म्हणून मला ओळखू आला नव्हता. मला सगळं लख्ख दिसत होतं, त्या पोराच्या खिशातलं पेन, दारावरचा लाल दिवा, आत कुणीतरी हातमोजे चढवत असल्याचा आवाज. मी दारात आडवी झाले. शब्दशः. उंबऱ्याला पाय लावून, कबड्डीत रेषा अडवतात तसं.

"आत भूल देणारे डॉक्टर आहेत ना," मी म्हटलं, अगदी हळू आवाजात. "त्यांना दोन मिनिटं बाहेर बोलवा. मी त्यांना एकच गोष्ट सांगणार आहे. ती ऐकूनही ते आत गेले तर मी उठते. पण ती ऐकल्याशिवाय मला ओलांडून कुणी जायचं नाही."

ओरडणाऱ्या बायका त्यानं पुष्कळ बघितल्या असणार. मग तो आत गेला.

भूल देणारे डॉक्टर वयस्कर होते. मास्क खाली घेऊन उभे राहिले. मी पोटावरचा टाक्यांचा व्रण दाखवला आणि गाठीचं नाव सांगितलं. माझी सख्खी बहीण आहे, म्हटलं, तपासणी झालेली नाही, डोकं दुखतं, घाम येतो, छाती धडधडते, लहानपणापासनं. त्यांनी पुढचं ऐकलंच नाही. वळून आत ओरडले की काही देऊ नका, थांबा. मग माझ्याकडं परत येऊन त्यांनी मला हात देऊन उठवलं आणि स्वतःच शेजारच्या बाकावर बसले. सुवर्णाचा रक्तदाब दोनशेच्या वर होता आणि भीतीनं इतका कसा, हे त्यांनाही पटत नव्हतं म्हणे. सुई हातातच होती.

तपासणीत तेच निघालं, डाव्या बाजूला माझ्यापेक्षा मोठी गाठ, उजवीकडं बारकी. मुजावर बाईंनी तिला महिनाभर गोळ्यांवर ठेवलं. त्या दिवसांत मी तिच्या घरीच जाऊन राहिले, कारण तिच्याकडं बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. तपासणीला येऊ का म्हणून ती मला विचारत होती आणि मी नको म्हटलं होतं. हे तिनं एकदाही बोलून दाखवलं नाही.

माझी जुळवणी त्या दरम्यान झाली. बाईंनी माझ्या कलमाची नोंद पडद्यावर काढली. ऑपरेशन थिएटरच्या दारातला तो तास त्यांनी मोठा करून बघितला. रेघ सपाट होती. त्यांनी चष्मा काढून मला विचारलं की त्या वेळी तुम्हाला राग आला नव्हता का? मी म्हटलं, आयुष्यात इतका कधी आला नव्हता. त्यांनी पुढं वाकून ती रेघ पुन्हा बघितली, आणि मीही. दोघींनाही ती फार आवडली. मर्यादा आहे तिथंच राहू द्या, असं मी सांगितलं. धनाजींनी घरी येताना पेढे घेतले. ईश्वरी आठवडाभर फुरंगटून होती. मग एका सरावात मी तिला न ओरडता पहिल्या सातातून बाहेर बसवली, आणि तिला तिची आई सापडली.

सुवर्णाचं ऑपरेशन नीट झालं. तिच्याही दोन्ही ग्रंथी काढून कलम बसवलं. टाके भरल्यावर आम्ही पुण्याला गेलो, मी, नितीन आणि ती. वाटेत ती खिडकीतून बाहेर बघत होती, दवाखान्यात लिफ्टच्या दाराकडं. लिफ्टनं आली वर. मी जिना धरला होता, तर म्हणाली, तू ये मागनं.

मुजावर बाईंनी खुर्ची पुढं ओढली आणि नेहमीसारखं विचारलं की सुवर्णाताई मुळात कशा आहेत? नितीन चाचरला. म्हणून मी सुरुवात केली. म्हटलं, लहानपणापासनं भित्री हो, पण त्यात तिचा दोष नाही, स्वभावानं गरीब, कुणाला दुखवणार नाही, आईवर गेलीय, तिला तुम्ही अगदी शांत...

"अक्का, गप बस."

मी मागं वळून बघितलं. खरंच, दुसरं कुणी बोललं असं मला वाटलं. सुवर्णा सरळ बसली होती. पदर मांडीवर होता, हात मोकळे.

"त्यांनी मला विचारलंय," ती म्हणाली. मग बाईंकडं वळून म्हणाली, "मी कशी आहे ते मला अजून माहीत नाही. आत्ता कुठं बघायला लागलेय. कळलं की मी येऊन सांगीन. तोवर हिला कुणी विचारायचं नाही."

डुबलांच्या घरात मला आजवर कुणी गप बस म्हटलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की ओठ दाबून धरावे लागले, आणि मी गप बसले.